अर्ज क्रमांक १२२०: पेटंट मागितल्यानंतर काय होते?

'अमुक संशोधकाने पेटंट घेतले' अशी बातमी आपण नेहमी वाचतो. बातमी खोलात जाऊन पाहिली तर बहुतेक वेळा असे दिसते, की त्या संशोधकाने पेटंटसाठी अर्ज दाखल केलेला असतो, एवढेच. अर्ज आणि पेटंट यांच्यामध्ये काही वर्षांचे अंतर असते. त्या वर्षांत अर्जाचे काय होते, तो कोण वाचतो, त्याला कोण हरकत घेऊ शकतो, हे बातमीत कधीच येत नाही. खरी हकीकत मात्र तिथेच घडते.

या लेखात आपण एका अर्जामागोमाग जाणार आहोत. त्याचा क्रमांक १२२०/एमयूएमएनपी/२००९. तो मुंबईच्या पेटंट कार्यालयात दाखल झाला आणि त्याचा निकाल लागायला २०२३ साल उजाडले. विषय होता क्षयरोगावरचे एक औषध.

क्रमांकातच अर्धी कहाणी

आधी क्रमांक वाचायला शिकू या. १२२० हा त्या वर्षीचा अनुक्रमांक आणि २००९ हे वर्ष. 'एमयूएम' म्हणजे मुंबई. भारताच्या पेटंट कार्यालयाचे मुख्यालय कोलकात्यात असून दिल्ली, चेन्नई आणि मुंबई येथे शाखा आहेत. मुंबईची शाखा पूर्वी लोअर परळला, सन मिल कंपाउंडमध्ये होती. आता ती अँटॉप हिलला 'बौद्धिक संपदा भवना'त आहे. २०१६ पासून क्रमांक देण्याची पद्धत बदलली. आता बारा आकडे असतात. पहिले चार आकडे वर्षाचे आणि पाचवा कार्यालयाचा. मुंबईचा आकडा २.

'एनपी' ही अक्षरे अधिक महत्त्वाची आहेत. त्यांचा अर्थ 'राष्ट्रीय टप्पा'. 'जागतिक पेटंट' नावाची वस्तू अस्तित्वात नाही. प्रत्येक देश आपल्या हद्दीपुरते पेटंट देतो किंवा नाकारतो. पण एकच शोध अनेक देशांत नोंदवायचा असेल तर आधी एक आंतरराष्ट्रीय अर्ज करून ठेवता येतो आणि मग हव्या त्या देशांत ठरावीक मुदतीत प्रवेश करता येतो. यासाठी एक आंतरराष्ट्रीय करार आहे. भारत त्यात डिसेंबर १९९८ मध्ये सामील झाला. आपल्याकडे ही मुदत पहिल्या अर्जापासून ३१ महिन्यांची आहे.

आमचा १२२० क्रमांकाचा अर्ज बेल्जियममधल्या यान्सेन या कंपनीचा होता. ही कंपनी अमेरिकेच्या जॉन्सन अँड जॉन्सन समूहातली. पहिला अर्ज डिसेंबर २००६ मध्ये, आंतरराष्ट्रीय अर्ज डिसेंबर २००७ मध्ये आणि मुंबईत प्रवेश २००९ मध्ये. बेल्जियमचा अर्ज मुंबईत का आला, असे कोणी विचारील. परदेशी अर्जदाराने भारतातला जो पत्ता पत्रव्यवहारासाठी दिला असेल, त्यावरून कार्यालय ठरते. आणखी एक हिशेब इथेच करून ठेवू. पेटंटची मुदत २० वर्षांची असते आणि ती आंतरराष्ट्रीय अर्जाच्या तारखेपासून मोजतात. म्हणजे हे पेटंट मिळाले असते तर ते डिसेंबर २०२७ पर्यंत चालले असते. हा आकडा पुढे लागणार आहे.

पंखा ओढण्याच्या यंत्रापासून

भारतातला पेटंटचा पहिला कायदा १८५६ चा. त्या कायद्याखाली पहिला 'अनन्य अधिकार' मागितला तो कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग यांनी, ३ मार्च १८५६ रोजी. यंत्र होते छताचा पंखा ओढण्याचे! राणीची संमती न घेता कायदा केला म्हणून तो पुढच्याच वर्षी रद्द झाला आणि १८५९ मध्ये नवा आला. त्या काळात अर्ज सरकारदरबारी जाई. अर्ज तपासण्याचे काम नियंत्रक नावाच्या अधिकाऱ्याच्या हाती आले ते १९११ च्या कायद्याने.

स्वातंत्र्यानंतर या कायद्याचा फेरविचार झाला. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये दिलेल्या अहवालात मांडलेला प्रश्न साधा होता: भारतात दिल्या जाणाऱ्या पेटंटांचा भारताला उपयोग किती? या अहवालाच्या आधारे १९७० चा कायदा झाला आणि तो २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला. त्याने अन्न आणि औषधे यांच्या बाबतीत पदार्थावर पेटंट देणे बंद केले. पदार्थ बनवण्याच्या रीतीवर तेवढे पेटंट मिळे आणि तेही थोड्या वर्षांचे. दुसऱ्या रीतीने तोच पदार्थ बनवायला कोणालाही मोकळीक होती. रसायनशास्त्रात एकाच ठिकाणी पोहोचणाऱ्या वाटा अनेक असतात, हे आपण जाणतोच. मुंबईत १९३५ मध्ये सुरू झालेली सिप्ला आणि तिच्यासारख्या कंपन्या या मोकळिकीतच मोठ्या झाल्या. सिप्लाने २००१ मध्ये एड्सवरच्या तीन औषधांचा एकत्रित उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला, तेव्हा पाश्चात्त्य बाजारात त्याच उपचाराला दहा हजार डॉलरहून अधिक मोजावे लागत होते.

१९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली. तिच्या करारानुसार भारताला औषधी पदार्थांवर पुन्हा पेटंट देणे भाग होते. त्यासाठी दहा वर्षांची सवलत मिळाली आणि १ जानेवारी २००५ पासून बदल अमलात आला. पण हा बदल करताना संसदेने कायद्यात दोन गोष्टी घालून ठेवल्या. आमच्या कहाणीचा सगळा भार त्या दोन गोष्टींवर आहे. त्या पुढे येतील.

अठरा महिन्यांची शांतता

अर्ज दाखल झाला की पहिले अठरा महिने काहीच घडत नाही. अर्ज गुप्त राहतो. पहिल्या अर्जापासून अठरा महिने झाल्यावर तो प्रसिद्ध होतो. पेटंट कार्यालयाचे नियतकालिक दर शुक्रवारी निघते. परदेशातून आलेल्या अर्जाच्या बाबतीत हा काळ बहुधा आधीच उलटून गेलेला असतो, त्यामुळे तो इथे आल्यावर लवकरच प्रसिद्ध होतो.

ही प्रसिद्धी म्हणजे पेटंट या कल्पनेचा गाभा आहे. समाज संशोधकाला म्हणतो: तुझी युक्ती तू सगळ्यांना उघड करून सांग. ती इतकी स्पष्ट लिही की त्या विषयाच्या जाणकाराला वाचून ती करता आली पाहिजे. बदल्यात वीस वर्षे दुसऱ्या कोणाला ती तुझ्या परवानगीशिवाय वापरता येणार नाही. वीस वर्षांनंतर ती सगळ्यांची. म्हणजे पेटंट हे गुपिताच्या नेमके उलटे आहे. दोन्ही गोष्टी, गुप्तता आणि पेटंट, एकाच वेळी मिळत नाहीत.

प्रसिद्धीचा एक परिणाम मात्र फारसा माहीत नसतो. पेटंट पुढे मंजूर झाले तर नुकसानभरपाई मंजुरीच्या तारखेपासून नव्हे, प्रसिद्धीच्या तारखेपासून मागता येते. दावा मात्र मंजुरीनंतरच लावता येतो. त्यामुळे लोंबकळत पडलेला अर्जसुद्धा दुसऱ्या उत्पादकाला धाकात ठेवतो. आज कारखाना उभारला आणि उद्या पेटंट मंजूर झाले तर काय, हा विचार त्याला करावाच लागतो.

परीक्षकाचे तीन प्रश्न

अर्ज आपोआप तपासला जात नाही, तपासा म्हणून वेगळी विनंती करावी लागते. १२२० च्या वेळी यासाठी पहिल्या अर्जापासून ४८ महिन्यांची मुदत होती. मार्च २०२४ च्या नव्या नियमांनी ती नव्या अर्जांसाठी ३१ महिन्यांवर आणली. विनंती केली नाही तर अर्ज मागे घेतला असे धरतात. विनंती आली की अर्ज त्या विषयाच्या परीक्षकाकडे जातो.

परीक्षक मुख्यतः तीन प्रश्न विचारतो. हे नवे आहे का? जाणकाराला सहज सुचण्यासारखे तर नाही ना? आणि त्याचा उद्योगात उपयोग होण्यासारखा आहे का? पहिल्या प्रश्नासाठी तो जगभरचे आधीचे अर्ज, शोधनिबंध, पुस्तके चाळतो. कोणत्याही भाषेत, कोणत्याही देशात ती गोष्ट आधी लिहिली गेली असेल तर ती नवी राहत नाही.

हा प्रश्न नीट विचारला नाही तर काय होते याचे उदाहरण आपल्याला ठाऊक आहे. जखमेवर हळद लावण्यासाठी मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. परिषदेचे तेव्हाचे महासंचालक रघुनाथ माशेलकर हे गिरगावातल्या युनियन हायस्कूलचे विद्यार्थी. हळद जखमेवर लावतात हे आपल्या प्रत्येक घरात माहीत असले तरी पेटंट कार्यालयाला ते छापील कागदावर दाखवावे लागते. परिषदेने ३२ लिखित संदर्भ सादर केले. त्यात १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला एक निबंधही होता. शेवटी पेटंट रद्द झाले. मौखिक ज्ञान लिहून ठेवण्याचे मोल त्या प्रकरणाने आपल्याला शिकवले.

परीक्षकाच्या हरकती 'पहिला परीक्षण अहवाल' म्हणून अर्जदाराकडे जातात. त्याला उत्तरासाठी सहा महिने मिळतात. आमच्यासारख्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना हा टप्पा ओळखीचा वाटतो, कारण शोधनिबंधावर परीक्षकांच्या शंका येतात तसाच हा प्रकार. फरक एवढाच की इथे प्रत्येक शब्दाला कायद्याचे वजन असते. अर्जाच्या शेवटी क्रमांक घातलेली वाक्ये असतात, त्यांना 'दावे' म्हणतात. मिळते ते संरक्षण फक्त दाव्यांना. म्हणून अर्जदार दावे शक्य तितके रुंद लिहितो आणि परीक्षक ते अरुंद करायला लावतो. शेतजमिनीच्या मोजणीला तलाठ्यापुढे दोन शेजारी उभे राहावेत, तशी ही बांधावरची ओढाताण असते.

शिवडीपासून अँटॉप हिलपर्यंत

आता औषधाकडे वळू. परळ, लालबाग, शिवडी हा गिरण्यांचा पट्टा. एका खोलीत आठ-दहा माणसे, पाळ्यांमध्ये झोपणारी, कापसाच्या तंतूंनी भरलेल्या हवेत काम करणारी. क्षयरोगाला याहून सोयीची जागा नाही. शिवडीचे महापालिकेचे क्षयरोग रुग्णालय आशियातल्या मोठ्या क्षय रुग्णालयांपैकी एक आहे. गिरण्या गेल्या, पण दाटी आणि क्षय राहिला. त्याचे रूप मात्र बदलले. नेहमीच्या औषधांना दाद न देणारे जंतू वाढले. २०११ च्या अखेरीस माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी चाचणी केलेल्या कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदवले आणि शहरात खळबळ उडाली.

अशा रुग्णांना तेव्हा दीड-दोन वर्षे उपचार घ्यावे लागत. त्यात कित्येक महिने रोज कॅनामायसिनसारखे इंजेक्शन. हे औषध कानाच्या आतल्या नाजूक केसपेशी मारते. त्या पुन्हा उगवत नाहीत. रुग्ण क्षयातून वाचे आणि बहिरा होई.

बेडाक्विलीन हे औषध या पार्श्वभूमीवर आले. कोएन आन्द्रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची माहिती २००५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. पेशीला ऊर्जा पुरवणारा एटीपी हा रेणू एका फिरत्या चक्रासारख्या विकराकडून तयार होतो. क्षयजंतूतल्या या चक्राला बेडाक्विलीन चिकटते आणि चक्र थांबते. जंतूची वीजच तोडली म्हणा ना! अमेरिकेत त्याला डिसेंबर २०१२ मध्ये मान्यता मिळाली. रिफॅम्पिसिननंतर चाळीस वर्षांनी क्षयावर नव्या पद्धतीने काम करणारे औषध मिळाले होते, आणि तेही गोळीच्या रूपात.

मूळ रेणूवरचा अर्ज जुलै २००३ चा. त्याची वीस वर्षे १८ जुलै २०२३ रोजी संपणार होती. आमचा १२२० क्रमांकाचा अर्ज या रेणूवर नव्हता. तो होता या रेणूच्या फ्युमरेट क्षारावर.

इथे रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी थोडे थांबावे. आम्ल आणि अल्कली मिळून क्षार होतो, हे आपण आठवी-नववीत शिकवतो. बेडाक्विलीनच्या रेणूत एक अमाइन गट आहे. तो अल्कलीसारखा वागतो, म्हणून आम्लाशी त्याचा क्षार होतो. औषधाचा क्षार केला की ते पाण्यात बरे विरघळते, गोळी टिकते, पावडर ओल धरत नाही, असे फायदे मिळू शकतात. त्यासाठी कोणती आम्ले वापरावीत याच्या याद्या औषधनिर्माणशास्त्रात पूर्वीपासून आहेत. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या आढाव्यातल्या यादीत फ्युमरेट आहे. लोहाच्या कित्येक गोळ्यांत फेरस फ्युमरेट असते, ते हेच.

मग प्रश्न असा: माहीत असलेल्या औषधाचा, माहीत असलेल्या आम्लाशी क्षार करणे हा नवा शोध होतो का? होत असेल तर कंपनीची मक्तेदारी जुलै २०२३ ऐवजी डिसेंबर २०२७ पर्यंत लांबते. साडेचार वर्षांच्या या फरकात किती रुग्णांना औषध मिळणार आणि किती दराने, हे ठरणार होते.

संसदेने ठेवलेल्या दोन गोष्टी

२००५ च्या बदलातल्या त्या दोन गोष्टी आता सांगतो. पहिली, कलम ३ (ड). माहीत असलेल्या पदार्थाचे नवे रूप, त्या पदार्थाची परिणामकारकता वाढवत नसेल तर, शोध मानले जाणार नाही. क्षार, एस्टर, स्फटिकाची वेगवेगळी रूपे हे सारे एकच पदार्थ समजायचे, असे स्पष्टीकरण कायद्यातच आहे आणि त्या यादीतला पहिला शब्द 'क्षार' हाच आहे.

दुसरी गोष्ट, कलम २५ (१). अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मंजूर होईपर्यंत 'कोणतीही व्यक्ती' लेखी विरोध नोंदवू शकते. पेटंट मंजूर झाल्यानंतरही एक वर्ष विरोध करता येतो, पण तेव्हा तो फक्त हितसंबंध असलेल्यालाच करता येतो. आधीच्या विरोधासाठी मात्र प्रतिस्पर्धी कंपनी असण्याची गरज नाही. रुग्णाला, शिक्षकाला, कोणालाही तो हक्क आहे.

या दोन्ही तरतुदींची मोठी परीक्षा रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिव्हेक या औषधाच्या बाबतीत झाली. नोव्हार्टिस कंपनीने १९९८ मध्ये चेन्नईच्या कार्यालयात त्याच्या एका स्फटिकरूपासाठी अर्ज केला होता. कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये, तर भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाचा दहा हजारांच्या आसपास. परळच्या टाटा रुग्णालयाच्या आवारात ज्यांनी बाहेरगावाहून आलेली कुटुंबे पाहिली आहेत, त्यांना या दोन आकड्यांमधला फरक समजावून सांगायला नको. विरोध करणाऱ्यांत भारतीय कंपन्यांबरोबर मुंबईची 'कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन' ही रुग्णांना मदत करणारी संस्थाही होती. २००६ मध्ये अर्ज फेटाळला गेला. प्रकरण वर वर जात १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात संपले. न्यायमूर्ती आफताब आलम आणि रंजना प्रकाश देसाई यांनी निर्णय दिला, की औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोग बरा करण्याची परिणामकारकता. अधिक विरघळणे, अधिक टिकणे एवढ्याने भागणार नाही.

दोन स्त्रियांची हरकत

१२२० क्रमांकाच्या अर्जाला महाराष्ट्रातल्या एचआयव्हीबाधितांच्या संघटनेने विरोध केला. फेब्रुवारी २०१९ मध्ये आणखी एक विरोध दाखल झाला. त्यावर दोन नावे होती: मुंबईतील पत्रकार नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. दोघींनाही क्षय झाला होता. दोघीही बऱ्या झाल्या. आणि दोघींचीही श्रवणशक्ती उपचारातल्या इंजेक्शनांनी गेली. बेडाक्विलीन त्यांच्या वेळी त्यांच्या हाती नव्हते. 'डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स' या संस्थेचा त्यांना पाठिंबा होता.

त्यांच्या अर्जात दुःखाची हकीकत हा मुद्दा नव्हता, असूही शकत नव्हता. पेटंट कार्यालय रुग्णाची वेदना मोजत नाही. ते पूर्वीचे ज्ञान तपासते. म्हणून विरोध रसायनशास्त्राच्या भाषेतच मांडावा लागला: मूळ रेणूच्या अर्जातच औषधाला चालणारे क्षार करता येतील असे म्हटले होते, फ्युमरेट क्षार करणे जाणकाराला सुचण्यासारखे आहे, आणि क्षारामुळे रोग बरा करण्याची ताकद वाढते असे दाखवलेले नाही.

कंपनीच्या बाजूचाही विचार केला पाहिजे. चाळीस वर्षे क्षयावर नवे औषध आले नाही, याचे एक कारण हेच की गरिबांच्या रोगात नफा दिसत नाही. संशोधनाला पैसा लागतो आणि पेटंट नसेल तर तो कोण घालणार, हा प्रश्न पोकळ नाही. पण पैसा कोणाचा होता हेही पाहायला हवे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार, या औषधाच्या विकासात सार्वजनिक निधीचा वाटा कंपनीच्या खर्चाच्या १.६ ते ५.१ पट होता.

मुंबईच्या कार्यालयाने २३ मार्च २०२३ रोजी निकाल दिला. अर्ज फेटाळला गेला. दुसऱ्या दिवशी जागतिक क्षयरोग दिन होता. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले होते, त्याची ही आठवण. मूळ पेटंट संपायला तेव्हा चार महिनेही उरले नव्हते.

१८ जुलै २०२३ नंतर भारतीय कंपन्यांना वाट मोकळी झाली. ऑगस्टच्या अखेरीस, क्षयाची औषधे एकत्रितपणे खरेदी करणाऱ्या जागतिक यंत्रणेने नवे दर जाहीर केले. सहा महिन्यांच्या उपचाराला लागणारे बेडाक्विलीन २८९ डॉलरवरून कमी झाले: जॉन्सन अँड जॉन्सनचे १३० डॉलर, मुंबईच्या ल्युपिनचे १९४ डॉलर. स्पर्धा आली की जुना उत्पादकच सर्वांत स्वस्त होतो, हे गमतीचे वाटले तरी नवे नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने १३४ गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत या औषधावरची उरलेली पेटंटे बजावणार नाही असे जाहीर केले. भारताने २०२४ मध्ये बेडाक्विलीन असलेल्या सहा महिन्यांच्या, फक्त गोळ्यांच्या उपचाराला मान्यता दिली.

मंजूर झाले असते तर?

समजा अर्ज मंजूर झाला असता, तरी गोष्ट संपली नसती. पेटंट जिवंत ठेवायला तिसऱ्या वर्षापासून दरवर्षाचे शुल्क भरावे लागते. न भरल्यास ते विझते. शिवाय पेटंटचा देशात वापर होतो की नाही याची माहिती ठरावीक काळाने द्यावी लागते. हा नुसता उपचार नाही. पेटंट मिळून तीन वर्षे झाली आणि लोकांना ती वस्तू परवडणाऱ्या दरात मिळत नसेल, तर नियंत्रक दुसऱ्याला ती बनवण्याचा सक्तीचा परवाना देऊ शकतो.

हेही मुंबईत घडले आहे. बायर कंपनीच्या नेक्सावर या, यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील औषधाचा महिन्याचा खर्च २ लाख ८० हजार ४२८ रुपये होता. ९ मार्च २०१२ रोजी नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी नॅटको या कंपनीला ते ८,८८० रुपयांत विकण्याचा परवाना दिला. बायरला विक्रीवर ६ टक्के मानधन, जे पुढे अपिलात ७ टक्के झाले. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१४ मध्ये हा निर्णय कायम ठेवला. नव्या कायद्याखाली भारतात दिला गेलेला हा पहिला सक्तीचा परवाना.

दार थोडे लोटले गेले

'कोणतीही व्यक्ती' या शब्दांचा गैरवापरही झाला आहे. खोट्या किंवा उसन्या नावाने एकामागून एक विरोध दाखल करून चांगले अर्ज अडकवून ठेवायचे, असे प्रकार घडले. अशाच एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये विरोधकाची याचिका फेटाळली. मार्च २०२४ च्या नियमांनी या विरोधाला प्रथमच शुल्क लावले आणि विरोध ऐकण्याजोगा आहे की नाही हे नियंत्रकाने आधी ठरवावे अशी तरतूद केली. उशीर टाळणे हा त्यामागचा हेतू सांगितला जातो. १२२० क्रमांकाच्या अर्जाला चौदा वर्षे लागली, हे पाहता उशीर हा खरा प्रश्न आहे. पण रुग्णांच्या लहान संस्थांना आता उंबऱ्यावरच अडवले जाईल अशी भीतीही खरी आहे. दोन्हींचा तोल नियंत्रक कसा सांभाळतात, यावर पुढचे अवलंबून आहे. कायद्यातले 'कोणतीही व्यक्ती' हे शब्द मात्र अजून तसेच आहेत.

प्रसिद्ध झालेले अर्ज पेटंट कार्यालयाच्या संगणकीय नोंदींत कोणालाही विनामूल्य वाचता येतात. वरच्या वर्गांना क्षार शिकवताना एखादा अर्ज मुलांपुढे ठेवून पाहावा. पहिला दावा वाचावा आणि परीक्षकाचे तीन प्रश्न फळ्यावर लिहावेत. नवे काय? सहज न सुचणारे काय? उपयोग काय? मुलांचे एकमत होणार नाही. त्यांनी आपापली बाजू लिहून आणावी आणि प्रत्येक विधानाखाली त्याचा लेखी आधार द्यावा, एवढीच अट घालावी.